दत्तक लेकरू आणि ख्रिस्ती घर

शास्त्रभाग : निर्गम २:१–१०, एस्तेर २:५–७, रोम. ८:१४–१७

'दत्तक' हा शब्द आमच्या मराठी लोकांस नवा नाही. सातारची गादी १८४८ साली खालसा झाली ती दत्तक नामंजूर करूनच. झाशीच्या गंगाधररावांनी १८५३ साली मृत्युशय्येवर असता मांडीवर घेतलेल्या बालकाचा हक्क कंपनी सरकारने नाकारला, हे तर शाळेतील मुलेही सांगतात. गावोगावी वतनासाठी, शेताच्या तुकड्यासाठी, पिंडदानासाठी दत्तके घेतली गेली. या सर्व उदाहरणांत एक गोष्ट सारखी आढळते, ती ही की घराला मूल पाहिजे होते. वंश चालावा, नाव बुडू नये, म्हणून भाऊबंदांतील मुलगा आणावयाचा. मुलगी आणल्याचे क्वचितच ऐकू येई. ज्या दत्तकाविषयी आम्ही येथे लिहीत आहो त्याचा प्रारंभ दुसऱ्या टोकाकडून होतो. तेथे मुलाला घर पाहिजे असते, आणि त्यासाठी आईबाप शोधले जातात.

अशी मुले आता आमच्या मंडळ्यांतील काही घरांतही वाढत आहेत. त्यांच्या आईबापांची झोप उडविणारा प्रश्न बहुधा एकच असतो : मुलास हे सांगावे काय, आणि सांगावे तर केव्हा? आमचे मत आम्ही प्रारंभीच मांडून ठेवतो. सांगावे, मूल लहान आहे तोच सांगावे, आणि ते त्यास आईबापांच्याच तोंडून कळावे.

पुण्याहून मुंबईच्या रस्त्याने निघाले म्हणजे कासारवाडी व नाशिक फाटा मागे टाकल्यावर, पिंपरीच्या अलीकडे, संत तुकाराम नगर लागते. देहूच्या संताचे नाव धारण करणारी ही कामगारांची वस्ती. जवळच १९५४ साली सुरू झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आहे. पुढे भोसरी, चिंचवड, चाकण असा कारखान्यांचा पट्टाच पसरला. महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय याच नगरात आहे, आणि २०२२ च्या मार्चपासून येथे मेट्रोचे स्थानकही झाले आहे. आमच्या खेड्यांतील वाचकांपैकी पुष्कळांचा भाऊ, मुलगा किंवा जावई या पट्ट्यात नोकरीस असेल. तेव्हा तेथील एका घराची हकीकत त्यांस परकी वाटू नये. घर आमच्या परिचयाचे आहे. नावाचे कारण नाही.

नवरा भोसरीच्या एका कारखान्यात पाळीने काम करतो, बायको घरी शिवणकाम करते, आणि गावाकडून आलेली आजी त्यांच्याजवळ असते. लग्नास कित्येक वर्षे होऊनही मूल झाले नाही, तेव्हा त्यांनी रीतसर अर्ज करून दहा महिन्यांची मुलगी घेतली. घरी सायंकाळची उपासना कधी चुकत नाही. पहिल्या पाळीच्या आठवड्यात सगळे मिळून आठ वाजता बसतात. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात बाप मध्यरात्री येतो, म्हणून आई, आजी आणि मुलगी अशा तिघीच. गीत कोणते म्हणावयाचे ते मुलगी ठरविते. ती सहा वर्षांची असताना एके रात्री निर्गमाचा दुसरा अध्याय वाचला गेला. वाचन संपल्यावर तिने विचारले, "मोशे आई कोणाला म्हणायचा?"

बाप म्हणाला, "दोघींना." आई उठली व काही काम नसता ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. मुलीचे समाधान झाले, ती झोपी गेली. परंतु घर जागेच राहिले. दहावी झाल्यावर सांगू, असे नवराबायकोने पूर्वीच ठरवून ठेविले होते. त्या रात्री आजीने ते मोडून काढले. ती म्हणाली, "गावात चार घरी बोललं जातं. सगळ्यांना ठाऊक. एका पोरीलाच तेवढं ठाऊक नाही. तिच्याआधी सगळ्या गावाला कसं काय सांगितलंत?"

दुसऱ्याच रविवारी दुपारी आईने तिला मांडीवर घेऊन सांगितले. शब्द साधे होते : "तू माझ्या पोटात वाढली नाहीस. दुसऱ्या एका आईच्या पोटात वाढलीस. तिला तुला सांभाळणं जमलं नाही. म्हणून आम्ही तुला घ्यायला गेलो. त्या दिवशी तू पिवळं झबलं घातलं होतंस." मुलीने एवढेच विचारले, "ते झबलं कुठं आहे?" ते पेटीत जपून ठेविले होते. काढून दिल्यावर तिने ते आपल्या बाहुलीस घातले आणि खेळावयास गेली.

येथे हकीकत संपली असे कोणी समजू नये. प्रश्न पुढे येत राहिले, तेही एकेक करून, आणि बहुधा दिवा मालविल्यावर. त्या आईला आणखी मुलगी आहे का? मी फार रडत होते का? महिना-दीड महिन्याने खरा प्रश्न आला : "मला परत देणार का?" आमचा अनुभव असा आहे की, हा प्रश्न मुलाच्या मनात असतोच. सत्य लपविल्याने तो नाहीसा होत नाही. मूल तो एकट्यानेच वागविते. या घरी तो उघड विचारला गेला म्हणून त्याचे उत्तरही देता आले. बापाने कपाटातून न्यायालयाचा हुकूम काढला आणि त्यातील तिचे नाव, आपले नाव व तिच्या आईचे नाव तिला बोटाने दाखविले. "हे कोणालाही मोडता येत नाही, आम्हांलासुद्धा नाही," असे तो म्हणाला. सहा वर्षांच्या मुलीस कायदा काय कळणार? पण कागदावर तिघांची नावे एके ठिकाणी आहेत एवढे तिला वाचता आले.

आता शास्त्रभागाकडे वळू. मोशेची गोष्ट शब्बाथ शाळेत आपण बहुधा पेटाऱ्यापाशी सुरू करतो आणि राजवाड्यापाशी थांबतो. मध्ये काय घडले याकडे लक्ष द्यावे. फारोच्या कन्येने मूल उचलले तेव्हाच ते इब्र्यांचे आहे हे तिने ओळखले. ते तिने कोणापासून लपविले नाही. जन्मदात्या आईलाच दाई म्हणून नेमण्यात आले, मूल मोठे झाल्यावर राजकन्येकडे आणिले गेले, आणि तो तिचा पुत्र झाला. त्याचे 'मोशे' हे नाव तिनेच ठेविले, आणि पुढे देवानेही त्यास त्याच नावाने हाक मारली. लगेच पुढच्या भागात मोशे प्रौढ झाल्यावर आपल्या भाऊबंदांकडे गेला असे आहे. ते आपले भाऊबंद आहेत हे त्यास कळले कोठून? शास्त्र ते सांगत नाही. परंतु एवढे निश्चित आहे की राजवाड्यात वाढलेल्या त्या तरुणास आपला जन्म ठाऊक होता.

यावर एखादा वाचक म्हणेल, "आम्हांस हीच तर भीती. मोशेस कळले, आणि तो राजवाडा सोडून गेला. आमचे मूलही असेच जाईल." शंका योग्य आहे आणि ती टाळून चालणार नाही. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात मोशेने फारोच्या कन्येचा पुत्र म्हणवून घेण्याचे नाकारले असे सांगितले आहे. परंतु तो का गेला ते पाहावे. त्या वाड्याचा धनी त्याच्या लोकांच्या पाठीवर चाबूक ओढीत होता. आपल्या घरात मुलाच्या जन्माविषयी असा काही अपमान चालत असेल, त्याच्या पहिल्या आईचा उल्लेख तुच्छतेने होत असेल, तर मूल दूर जाईल हे खरे. आणि तसे झाल्यास दोष सांगितलेल्या सत्याचा नसेल. एस्तेरीचे उदाहरण याच्या शेजारी ठेवावे. मातापिता वारल्यावर मर्दखयाने तिला कन्या म्हणून घेतले. तिच्या जन्मदात्या पित्याचे अबीहाईल हे नाव त्याच अध्यायात जपून ठेविलेले आहे. तरी राणी झाल्यावरही ती मर्दखयाचेच ऐकत राहिली.

रोजच्या व्यवहारात दोन चुका फार होतात. पहिली उपकाराची. शेजारीपाजारी म्हणतात, "केवढे पुण्य केलेत!" आईबापांस ते गोड लागते. ख्रिस्ती घरी हीच गोष्ट "प्रभूसाठी केले" अशा शब्दांत बोलली जाते. मूल हे ऐकते, आणि आपण या घराचे देणेकरी आहो असे समजू लागते. मग ते एक तर अतिशय गुणी होते, भीतीपोटी; नाही तर कर्ज बुडविणाऱ्यासारखे तोंड फिरविते. पोटच्या मुलास जेवू घातल्याबद्दल आपण पुण्य मोजतो काय? जे त्या मुलास नाही ते या मुलासही असू नये. आमच्या परिचयाच्या घरातील आई अशा स्तुतीस एकच उत्तर देते : "आम्हांला मुलगी पाहिजे होती." त्यापुढे बोलणे वाढत नाही.

दुसरी चूक रक्ताची. पोटच्या मुलाने फडताळातील दहा रुपये उचलले तर तो खोडकर; दत्तक मुलाने उचलले तर "कोणाचे रक्त आहे कोण जाणे." हे वाक्य रागाच्या भरात एकदा जरी उच्चारले गेले तरी ते मूल म्हातारपणापर्यंत विसरत नाही. याच्या उलट काही आईबाप इतके भितात की मुलास रागे भरतच नाहीत. शेजाऱ्यांनी "परके म्हणून मारतात" असे म्हणू नये, ही त्यांची काळजी. शिस्त नसलेल्या घरात मुलास आपण पाहुणे आहो असे वाटू लागते. कारण पाहुण्यासच कोणी काम सांगत नाही. भांडे विसळावयास लावावे, अभ्यास चुकल्यास बोलावे, आणि रात्री उपासनेस सर्वांबरोबर बसवावे.

खेड्यांतील मंडळीशी आम्हांस विशेष बोलावयाचे आहे ते याच ठिकाणी. ही कुटुंबे नाताळास गावी येतात. स्वागत होते, करंज्या होतात, आणि ओसरीवर कोणी तरी हलक्या आवाजात विचारते, "कोणाची?" त्यामागून दुसरा प्रश्न येतो, "कोणत्या जातीची?" प्रभुभोजनाच्या मेजापाशी एका भाकरीत भाग घेणाऱ्या लोकांच्या तोंडी हा दुसरा प्रश्न अजून येतो, याचे आम्हांस फार दुःख होते. मूल जवळच खेळत असते. त्याचे कान आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतात. वर सांगितलेल्या मुलीस गेल्या नाताळात तिच्या बरोबरीच्या एका मुलाने "तू खरी नाहीस" असे म्हटले. तिने उत्तर दिले, "मला ठाऊक आहे, आईनं सांगितलंय. तुला उशिरा कळलं." तो मुलगा गप्प झाला. तिला आधी ठाऊक नसते तर त्या अंगणात काय झाले असते, याचा विचार वाचकांनीच करावा.

या रक्ताच्या प्रश्नास पुणे शहरात फार पूर्वी एका दांपत्याने तोंड दिले. जोतीराव फुले ख्रिस्ती नव्हते. परंतु त्यांचे शिक्षण स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले होते. त्यांनी व सावित्रीबाईंनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि १८७४ साली काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला. तो यशवंत. माळ्याच्या घरी ब्राह्मण विधवेचे मूल, आणि तेही उघडपणे! त्या काळी हे दोन्ही बाजूंच्या लोकांस रुचण्यासारखे नव्हते. जोतीरावांनी काहीही झाकले नाही. १८८७ साली त्यांनी मृत्युपत्र करून यशवंतास आपला वारस ठरविले. १८९० साली ते वारले तेव्हा भाऊबंदांनी अंत्यविधीच्या हक्काचा वाद काढला, आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले, असे चरित्रकार सांगतात. यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात हडपसराजवळ मायलेकांनी मिळून रोग्यांची शुश्रूषा केली, आणि त्याच साथीत सावित्रीबाई १० मार्च रोजी वारल्या. रक्त काय करते व काय करीत नाही याविषयी वाद घालणारांनी त्या माळावरील दवाखान्याचा विचार करावा.

आता कायद्याविषयी, कारण याबाबत आमच्या मंडळ्यांत फार अज्ञान आहे. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांच्यापुरताच होता. ख्रिस्ती मनुष्यास मूल घ्यावयाचे तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली त्याचे 'पालक' होता येई. आई किंवा बाप होता येत नसे, आणि मूल सज्ञान होताच तेही नाते कागदावरून संपे. सर्वांसाठी एक कायदा करण्याचे विधेयक १९७२ साली आले व मागे पडले. पुढे केरळच्या उच्च न्यायालयाने १९९९ साली, आणि त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती रिबेलो यांनी, ख्रिस्ती दांपत्याचे दत्तक मान्य केले. बाल न्याय कायदा २००० साली झाला व त्यात २००६ साली दुरुस्ती झाली, तेव्हा कोणत्याही धर्माच्या मनुष्यास मार्ग खुला झाला. शबनम हाश्मी यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०१४ रोजी ते स्पष्ट केले. आता २०१५ चा कायदा चालू आहे. त्याखालील हुकूम झाला की ते मूल सर्व बाबतींत त्या आईबापांचे होते, जणू त्यांच्याच पोटी जन्मले, आणि जन्मदाखल्यावर त्यांचीच नावे येतात. पूर्वी हा हुकूम न्यायालय देई. १ सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात. ज्यांनी पूर्वी केवळ पालकत्वाच्या हुकुमावर मूल वाढविले आहे त्यांनी वकिलास विचारून मृत्युपत्र अवश्य करून ठेवावे. भाऊबंद पुढे काय करतील ते जोतीरावांच्या घरी दिसलेच आहे.

मूल घेऊ इच्छिणारांनी 'कारा' या केंद्रीय प्राधिकरणाकडे नाव नोंदवावे. संगणक येत नसेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जावे. नवराबायकोचे लग्न होऊन दोन वर्षे झालेली असावीत, आणि मुलात व त्यांच्यात निदान २५ वर्षांचे अंतर असावे. दोन वर्षांपर्यंतचे मूल पाहिजे असल्यास दोघांच्या वयाची बेरीज ८५ च्या वर जाऊ नये. मोठे मूल घेणारांस अधिक सवलत आहे. एकट्या पुरुषास मुलगी मिळत नाही. समाजसेविका घरी येऊन सर्व पाहते, तिच्याशी खरे बोलावे. वाट फार पाहावी लागते, आणि तेथेच माणसाचा धीर सुटतो. मग कोणी कानात सांगतो की अमुक इस्पितळात एक बाई अडली आहे, थोडे पैसे द्या, दाखल्यावर तुमचेच नाव घालू. बंधूंनो, हा गुन्हा आहे. रीत सोडून मूल घेतल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही, आणि मूल विकल्यास वा विकत घेतल्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली आहे. त्याहून मोठी हानी मुलाची होते. "मला परत देणार का?" असे त्याने विचारल्यास दाखविण्याजोगा कागद त्या घरात नसतो. जी बाई मूल सांभाळू शकत नाही तिने बालकल्याण समितीपुढे ते सोपवावे; विचार बदलण्यास तिला दोन महिने मिळतात. संकटातील मुलासाठी १०९८ हा क्रमांक आहे. भावाबहिणीचे मूल घ्यावयाचे असले तरीही याच कायद्याने घ्यावे. नुसते मांडीवर घेऊन मंडळीपुढे प्रार्थना केल्याने ते दत्तक होत नाही.

पौलाने आपल्या पत्रांतून पाच ठिकाणी दत्तकपणाचा शब्द योजिला आहे. तो रोमी राज्यात राहणारांस लिहीत होता. तेथे दत्तक पुत्रास नव्या पित्याचे नाव व वारसा पूर्णपणे मिळे, आणि त्याची मागील ऋणे रद्द होत. हे सर्व उघड, साक्षीदारांसमक्ष होई. कोणी परका असून घरचा झाला हे त्यास ठाऊक असल्यामुळेच पौलाच्या उपमेस अर्थ आहे. ज्याच्यापासून ते लपविले आहे त्यास या आठव्या अध्यायातील आनंद समजावा तरी कसा? या दृष्टीने पाहता दत्तक मुलास हा अध्याय आपल्यापेक्षा लवकर कळण्याचा संभव आहे.

पाळकांस व उपदेशकांस थोडी सूचना. बाप्तिस्म्याच्या वहीत दत्तक घेणारांचीच नावे आईबाप म्हणून लिहावी; शेजारी कंसात काही शेरा मारू नये. ती वही पुढे लग्नाच्या वेळी दहा लोक चाळतात. हा पाठ ज्या रविवारी घ्यावयाचा त्या सभेत असे एखादे मूल बसणार असेल, तर आधी त्याच्या घरी जाऊन त्यास किती ठाऊक आहे ते आईबापांस विचारून घ्यावे. काहीच ठाऊक नसेल तर त्या दिवशी सभेत केवळ मोशेचा भाग वाचावा आणि हा अंक त्यांच्या हाती देऊन यावे.